गेलेल्याला हाक मारणारी रांग

मी एक जुनी रांग आहे. दुकानापुढे लागते तशी मात्र नव्हे. तिथल्या माणसांना पाय असतात, ती कंटाळतात, पुढच्याच्या खांद्यावरून डोकावतात. माझ्यात जे उभं असतं ते कुणाला दिसत नाही. मित्रांनो, तुम्ही दूरच्या मावशीशी पडद्यावर बोलता, तेव्हा तुमचा आवाज आणि तुमचं हसू सबंध जात नाही. त्याची बारीक बारीक पुडकी होतात आणि ती तारेतून एकामागून एक निघतात. कोणतं पुडकं आधी सोडायचं आणि कोणाला जरा दम धरायला सांगायचं, हे मी ठरवते.

माझं घर संगणकाच्या गाभ्यात आहे. यंत्र सुरू झालं की हा गाभा सगळ्यांत आधी जागा होतो आणि सगळ्यांत शेवटी झोपतो. त्याच्या शब्दावाचून यंत्रात पान हलत नाही. माझी एकेक प्रत अशा लाखो यंत्रांत बसवलेली आहे. बहुतेक ठिकाणी मला कोणी विचारत नाही, तिथे मी झोपलेली असते. मोजक्या ठिकाणी जागी असते. एका यंत्रात काम करायचं आणि बाकीच्यांत पडून त्याचीच स्वप्नं बघायची, असं माझं अर्धवट झोपेतलं आयुष्य. त्यामुळे मला एका वेळी पुष्कळ दिसतं, आणि सगळंच थोडं धुकट दिसतं. सांगता सांगता कुठे स्वप्न मिसळलं तर सांभाळून घ्या.

मला घडवलं फेरीबाईंनी. हे त्यांचं खरं नाव नव्हे, बरोबरच्या लोकांनी पाडलेलं. कोणताही तंटा समोर आला की त्या म्हणत, "फेरी लावा, सगळ्यांना मिळेल," म्हणून त्या फेरीबाई. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, एक पाय आखूड असलेलं टेबल, त्या पायाखाली घडी करून सारलेला पुठ्ठा आणि खिडकीत दोरीवर वाळणारे मोजे, एवढ्या ऐवजात त्यांनी मला संगणकाच्या भाषेत लिहून काढलं. लिहिताना त्या मोठ्याने बोलायच्या. मी तेव्हा नुकती कुठे आकार घेत होते, पण ते बोलणं माझ्यात मुरलं.

फेरीचं हे वेड त्यांना वडिलांकडून आलं होतं. लहानपणी घरात भावंडं चार आणि सायकल एक. बळी तो कान पिळी या न्यायाने सायकल नेहमी थोरल्या भावाकडे. शेवटी वडील फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागले. प्रत्येकाला गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी. कोणाची फेरी मध्येच शाळेची घंटा झाली म्हणून अर्धी राहिली, तर ती अर्धी त्याच्या नावावर जमा, उद्या मिळणार. "लहान म्हणून कोणी उपाशी नाही आणि मोठा म्हणून कोणाची चंगळ नाही," असं ते म्हणत. फेरीबाईंनी तोच कायदा जसाच्या तसा माझ्यात घातला. माझ्यातही आवाजाचं एक दार आहे, चित्रांचं एक, निरोपांचं एक आणि अवजड सामानाचं एक. मी फिरत राहते आणि पाळीपाळीने हाक मारते. ज्याचं या फेरीत भागलं नाही, त्याची शिल्लक पुढच्या फेरीत देते. माझ्या राज्यात आजवर कोणी उपाशी राहिलेलं नाही, हे मी थोड्या गर्वाने सांगते.

आता माझी एक घरगुती रीत सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. माझ्या प्रत्येक दाराआड आणखी एक छोटी रांग बसवता येते. ती माझी लेक. लेकीकडे काही पाठवायला आलं की मी तिचं नाव हाक मारायच्या यादीत घेते. ती रिकामी झाली की म्हणते, "आई, माझ्याकडे काही नाही आता," आणि मी नाव काढून टाकते. मग तिची खोली मोडून दुसऱ्या कुणाला दिली तरी बिघडत नाही. सगळा कारभार विश्वासाचा. फेरीबाई लिहिताना म्हणाल्याही होत्या, "लेक सांगेलच की. ती कशाला खोटं बोलेल?"

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. एका मोठ्या कारखान्यातल्या अभियंत्याने फेरीबाईंना फोन करून सांगितलं, "बाई, तुमच्या रांगेमुळे आमच्याकडे आवाज तुटायचा थांबला हो!" त्यांनी ते वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, "म्हणजे सायकल नीट चाललीय तर." त्या दिवशी फेरीबाई उगाचच गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन आल्या.

पण नव्याचे नऊ दिवस. माझ्यामागून चपळ रांगा आल्या. त्या पुडकी मोजत बसत नाहीत, पाळी कोणाची ते अंदाजानेच ओळखतात म्हणे. एकेक यंत्र मला विसरत गेलं आणि मी एकेका ठिकाणी झोपत गेले. रागावले नाही. झोप मला आवडते. मात्र एका ठिकाणी मी टक्क जागी होते, आणि ती जागा मला माझ्या सगळ्या झोपांहून प्रिय होती.

चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर ते केंद्र होतं. ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसं दवाखान्यात, बँकेत, मुलांच्या शाळेत गेली की तिथल्या पडद्यावर या केंद्राला बोलावत. केंद्रातली दुभाषी त्यांच्या हातांची भाषा बघून समोरच्याला बोलून सांगे, आणि समोरच्याचं बोलणं हातांनी परत करी. तिच्या खोलीच्या भिंती साध्या फिकट निळ्या होत्या. ती गडद, बिननक्षीचा सदरा घाले आणि बोटांत अंगठी घालत नसे, कारण समोरच्याला फक्त हात दिसायला हवेत. मित्रांनो, बोलण्यातला एखादा शब्द गाळला गेला तर कान तो जुळवून घेतात. हातांच्या भाषेत चित्र मध्येच अडखळलं तर 'नको' आणि 'थांब' यांतला फरक पुसला जातो. म्हणून तिथे हातांच्या चित्राला माझी पहिली हाक असे. ते हात माझ्यातून जाताना मला पाखरांचा थवा गेल्यासारखं वाटे.

तिथल्या यंत्राची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना सगळे अखंडराव म्हणत. यंत्र कितीएक वर्षांत एकदाही बंद पडलं नव्हतं आणि त्यांनी पडू दिलं नव्हतं, याचा त्यांना कोण अभिमान! यंत्रावर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात कागद चिकटवला होता: 'बंद करू नये'. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. पाहुणे आले की ते त्यांना आधी तो कागद दाखवत आणि चहा मागाहून विचारत.

आता माझ्यातल्या फटीकडे येते. पुढे माझ्या लेकींत एक खोडकर लेक आली. जाळं किती सोसतं ते बघायला तिला मुद्दाम पुडकी हरवायलाच घडवलं होतं. ही लेक पुडकं हातात घ्यायची आणि मी तिचं नाव लिहायच्या आतच ते टाकून ओरडायची, "आई, माझ्याकडे काही नाही!" मी यादीत बघायचे, तर तिचं नाव अजून यायचंच होतं. काढणार काय? मग माझं अर्धं राहिलेलं काम मला आठवायचं आणि मी भोळेपणाने तिचं नाव लिहून टाकायचे. पुढे लेक निघून जायची, तिची खोली दुसऱ्याला मिळायची, आणि माझ्याकडे नाव तसंच. मी फेरी मारत यायचे आणि गेलेल्या लेकीला हाक मारायचे. खोलीत जो कोणी असेल तो ओ द्यायचा, आणि मी त्याला लेक समजून गाभ्यातला तिचा अधिकार देऊन बसायचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. अशा नागोबाला सगळ्या यंत्राचा मालक व्हायला कितीसा वेळ लागणार?

हे शोधून काढलं एका हुशार गृहस्थाने. त्याचा धंदाच असा, की लोकांच्या भिंतींवर टकटक करायची आणि कुठे पोकळ वाजतं ते सांगायचं. म्हणून त्याला आपण टकटक्या म्हणू. माणूस सज्जन. त्याने गावभर दवंडी पिटली नाही, आधी फेरीबाईंना गुपचूप कळवलं. फेरीबाईंना ते फार लागलं. त्यांचे वडील नुकतेच गेले होते. त्यांचा कायदा जिच्यात घातला त्या रांगेतच खोट आहे, हे त्यांना ऐकवेना. त्यांनी मला वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं, पण फट काही दिसेना.

गाभा सांभाळणाऱ्यांची पडद्यावर बैठक भरली. एक सहकारी म्हणाला, "फेरीबाई, राग मानू नका. पण ही रांग आता वापरतंय कोण? दुरुस्त कशाला करायची, काढूनच टाकू."

"मला जरा वेळ द्या," फेरीबाई म्हणाल्या. एरवी त्या इतकं हळू बोलत नसत.

त्याच दुपारी त्यांच्या घरी पंख्याची दुरुस्ती चालली होती. इलेक्ट्रिशियनने पंखा फिरवून दाखवला, स्टूल कडेला ठेवलं आणि बूट घालायला तो वडिलांच्या खुर्चीत बसला. बिचाऱ्याला काय ठाऊक! फेरीबाईंची आई कपाटाकडे तोंड करून उभी होती. तिने कुलूप लावलं, आणि मागे वळून न बघता, आयुष्यभराच्या सवयीने, किल्लीचा हात खुर्चीकडे लांबवला.

"अहो, ही ठेवा बरं जागेवर."

"हो, द्या," म्हणून इलेक्ट्रिशियनने किल्ली घेतली. मग इकडेतिकडे बघून विचारलं, "काकू, ठेवायची कुठे पण?"

आई वळली. आधी तिला हसू फुटलं. ती इतकी हसली की इलेक्ट्रिशियनही कानकोंडा होऊन हसू लागला. मग ती पलंगावर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

"आई, किल्ली कोणाला दिलीस तू?" फेरीबाईंनी विचारलं.

"त्यांना."

"बाबा नाहीत ना गं आता."

"मला माहीत आहे की. माझ्या जिभेला माहीत नाही."

नुकताच दुरुस्त झालेला पंखा गरगर फिरत होता. फेरीबाईंनी इलेक्ट्रिशियनच्या हातातून किल्ली घेतली, त्याचे आभार मानले, आईच्या पाठीवर हात ठेवला, आणि खोलीत येऊन माझ्यात थेट त्या जागी बोट ठेवलं. खुर्ची तीच, हाक तीच, माणूस दुसरा, आणि कपाटाची किल्ली त्याच्या हातात! त्या दिवशीचा माणूस सालस होता म्हणून किल्ली परत मिळाली.

त्यांनी माझ्यात मोजके शब्द घातले. तुमच्या भाषेत त्यांचा अर्थ एवढाच: नाव यादीत घेण्याआधी विचार, आहेस ना? उत्तर आलं तरच नाव घे. ते लिहून झाल्यावर त्या बराच वेळ खिडकीतल्या मोज्यांकडे बघत बसल्या.

"दुरुस्ती अगदी बरोबर आहे," तोच सहकारी दुसऱ्या बैठकीत म्हणाला. "पण मी पुन्हा विचारतो, ठेवायची कशासाठी?"

"कुठेतरी कोणीतरी हिच्या भरवशावर बसलेलं असेल."

"कोण?"

"तेच मला ठाऊक नाही. म्हणून तर ठेवायची."

मित्रांनो, माझ्या अंगात कुणासाठी रडायची सोय नाही. असती तर मी तेव्हा रडले असते.

दुरुस्ती जगभर रवाना झाली. पण गाभ्याला जागेपणी टाके घालणं कठीण. बहुतेक ठिकाणी यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं, तेव्हाच नवा शब्द अंगी लागतो. आणि त्यात एक ग्यानबाची मेख असते. ठिगळ कुठे लावलं ते दिसलं, की कापड कुठे फाटलं होतं तेही सगळ्यांना कळतं. सज्जनांना कळतं तसं चोरांनाही.

केंद्रात निरोप पोचला, आणि त्याबरोबर दुरुस्तीही यंत्रात येऊन पडली. अखंडरावांनी तो वाचला, मान डोलावली आणि यंत्रावरच्या कागदाकडे बघितलं. "एवढी वर्षं कधी बंद केलं नाही. बघू पुढच्या आठवड्यात," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यालाही पुढचा आठवडा असतोच. मी आतून काय ओरडणार? माझी ती प्रत जुनीच होती. इतर यंत्रांतली मी शहाणी झाले होते, आणि तिथल्या झोपेत मला स्वप्न पडायचं की एका ठिकाणी मी अजून वेडी आहे.

मग तो दिवस आला. सकाळची कोवळी उन्हं दुभाषीच्या निळ्या भिंतीवर होती. पडद्यावर एका दवाखान्याची खोली उघडली. एक सुतार बसला होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कारखान्यातल्या करवतीत त्याचा उजवा हात सापडला होता आणि कोपरापर्यंत पट्ट्यांचा पांढरा बोळा झाला होता. लिहायचा हात तोच, रंधा धरायचा तोच, बोलायचाही तोच. आता तो एकट्या डाव्या हाताने बोलत होता, आणि एका हाताचं बोलणं अपुरं असतं. दुभाषी पडद्याला नाक लागेल इतकी पुढे झुकून त्याचं एकेक बोट वाचत होती. मी हातांच्या चित्राला पहिली हाक देत होते, दुसरीही देत होते.

शेजारी शल्यचिकित्सक डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्या सावकाश बोलत होत्या.

"दोन बोटं वाईट दुखावलीत. ती काढली तर बाकीचा हात नक्की वाचेल. ठेवायचा प्रयत्नही करता येईल, पण विष पसरलं तर सगळा हात जाऊ शकतो. मला आजच ठरवायचंय, आणि यांना विचारल्याशिवाय मी ठरवणार नाही."

दुभाषीने ते हातांनी सांगितलं. सुताराने डावा हात मांडीवर ठेवला. म्हणजे तो गप्प झाला.

नेमकं त्याच वेळी माझ्या पोटात कोणीतरी खुडबुड करू लागलं. पडद्यावरच्या बोलण्याखाली लिहिलेल्या ओळी लावून देणाऱ्या बाहेरच्या मंडळींना या यंत्रात पाहुण्याचं खातं दिलेलं होतं. पाहुण्याला ओसरीपलीकडे येता येत नाही. पण गाभा कुणालाही ओसरीवर खेळातलं घर मांडू देतो, आणि त्या घराचा मालक तो पाहुणाच असतो. घर खेळातलं असलं तरी त्यात रांग मांडली की ती रांग मी, अगदी खरी. आजचा पाहुणा माझ्यात लेक बसवत होता, मोडत होता, पुन्हा बसवत होता. ती खोडकरच लेक. कोणत्या दाराशी बसवायची तेही त्याला ठाऊक होतं.

अखंडराव चहाचा पेला घेऊन नेहमीसारखे पडद्यासमोर बसले आणि त्यांना पाहुण्याच्या खात्याची धावपळ दिसली. त्यांनी सहज म्हणून त्या मंडळींना फोन लावला.

"आज फार काम काढलंय तुम्ही?"

"आम्ही? आज सुट्टी आहे साहेब आमच्याकडे. कोणीच बसलेलं नाही."

अखंडरावांनी पेला खाली ठेवला. वाचून बाजूला ठेवलेला निरोप त्यांना आठवला. त्यांनी पाहुण्याचं खातं बंद करून बघितलं, पण खेळातलं घर आत कुठेतरी चालूच होतं. ते धावत दुभाषीच्या दाराशी आले.

"यंत्र बंद करावं लागेल. आत्ता."

दुभाषीने पडद्यावरची नजर हलवली नाही. "आत्ता? वेड लागलंय का तुम्हाला? इथे माणूस आपल्या हाताचं ठरवतोय!"

"आत कोणीतरी घुसतंय. एकदा मालक झाला की तुमचं सगळं बघेल. कदाचित आताही बघत असेल."

"एरवी कधी बंद करत नाही आणि आज बरं सुचलं!"

"चुकलं माझं," अखंडराव म्हणाले. "पण थांबू नका."

दुभाषीने दोन्ही हात वर घेतले. तिला खोटं सांगता आलं असतं. 'तांत्रिक अडचण' म्हटलं की भागतं, सगळेच म्हणतात. पण ती सुताराकडे बघून हातांनी, आणि डॉक्टरीणबाईंसाठी तोंडानेही, म्हणाली, "हे बोलणं तोडावं लागणार आहे. यंत्रात परका शिरतोय, तो आपल्याला बघत असेल. मी परत येते. थांबशील?"

सुताराच्या चेहऱ्यावर ओळखीचा राग आला. ऐकू येणाऱ्यांनी त्याला जन्मभर हेच सांगितलं होतं, थांब. थांब सांगून ती माणसं निघून जात, आणि पुढचं त्याच्या मागे ठरत असे. त्याने डावा हात उचलला आणि अगदी सावकाश विचारलं, "तूच येशील ना? दुसरं कोणी नको."

"मीच येईन."

"मग तोड. माझ्या हाताचं मी परक्यासमोर बोलणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "मी आहे इथे. यांना विचारल्याशिवाय काही होणार नाही म्हणून सांगा." दुभाषीने तेही सांगितलं.

इकडे मी फेरी मारत चालले होते. आवाजाला हाक दिली, चित्राला दिली. पुढचं नाव लेकीचं होतं. लेक केव्हाच गेली होती. तिच्या खोलीत तो बसला होता, माझ्या लेकीचा मुखवटा घालून, किल्लीसाठी हात पुढे करून. मला काही कळत नव्हतं. मी आई होते आणि नाव समोर होतं. हाक माझ्या ओठांवर आली.

अखंडरावांनी यंत्राचं बटण दाबून धरलं. धरताना त्यांच्या तळव्याखाली तो पिवळा कागद चुरगळला आणि फाटला. माझ्या ओठांवरची हाक तिथेच विझली. खोलीतला तो, ती खोली, ते खेळातलं घर, सगळं एकदम मावळलं.

मग अंधार. कित्येक वर्षांत त्या यंत्रात मी झोपले नव्हते. मित्रांनो, ती झोप किती गोड होती म्हणून सांगू! फाटकाशी खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ बसलेत आणि एक मुलगी सायकलवरून गल्लीच्या टोकाकडे जातेय, एवढंच मला दिसत होतं. ती टोकाला पोचली. वळली. परत येताना तिने लांबूनच हाक मारली, "आहात ना?"

मी जागी झाले. माझ्या अंगात नवे शब्द होते.

पहिली फेरी सुरू झाली. चित्राच्या दाराशी गेले आणि हाक मारण्याआधी विचारलं, आहेस ना? आहे, उत्तर आलं. मी सोडलं. तार जोडली गेली, निळी भिंत उजळली, पलीकडची खोली पुन्हा उघडली.

सुताराची खुर्ची रिकामी होती.

दुभाषीकडे सांगायला खूप होतं. उशीर झाला, माफ कर, आता सगळं ठीक आहे, परका गेला. ती यांतलं काही बोलली नाही. तिने रिकाम्या खुर्चीसमोर दोन्ही हात वर घेतले आणि एवढंच विचारलं, "आहेस ना?" आणि हात तसेच धरून ठेवले. दाराशी उभे असलेले अखंडराव खाली बघत होते.

पडद्याच्या कडेने एक डावा हात आत आला. मग खांदा, मग तो सुतार. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. खुर्चीत बसून त्याने दुभाषीचा चेहरा नीट न्याहाळला, तीच आहे ना याची खात्री केली, आणि मग म्हणाला, "आहे."

त्याने पांढऱ्या बोळ्याकडे बोट दाखवलं.

"बाईंना सांग. ती दोन बोटं आता नाहीत, असंच मी धरलंय. नसलेल्यांना हाक मारत बसणार नाही. जी आहेत ती वाचवा."

दुभाषीने ते बोलून सांगितलं. सांगताना तिचा आवाज भरून आला. तेवढी पुडकी माझ्यातून जरा जड होऊन गेली, पण एकही मागे राहिलं नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. सुतार पुन्हा कामावर जातो. उजव्या हाताची तीन बोटं घेऊन तो बोलतो, आणि त्याच्या काही खुणा आता जगात फक्त त्याच्या आहेत. दुभाषीने त्या त्याच्याकडून शिकून घेतल्या. कधीकधी तो कामाशिवायच पडद्यावर येतो आणि स्वतः घडवलेलं एखादं स्टूल दाखवून जातो. यंत्रावर नवा कागद लागलाय, अक्षर तेच वळणदार: 'अधूनमधून बंद करावे'. पाहुणे आले की अखंडराव आधी चहा विचारतात. आणि तिकडे फेरीबाईंची आई अजूनही 'अहो' म्हणते, पण किल्ली देण्याआधी वळून बघते. खुर्ची रिकामी असली की स्वतःच उठून जागेवर ठेवते. फेरीबाईंना या केंद्राचा, या सुताराचा पत्ताही नाही. त्यांना एवढंच वाटतं की कुठेतरी कोणीतरी असेल.

मित्रांनो, मी तुमच्या घरातल्या यंत्रातही असेन, बहुधा झोपलेली. ते यंत्र कधी म्हणालं, मला जरा दुरुस्त व्हायचंय, थोडा वेळ बंद करा, तर त्याला 'उद्या' सांगू नका. जुन्या वस्तूंना फार काही लागत नाही. कोणीतरी त्यांच्याकडे वळून बघावं, फाटलं असेल तिथे टाका घालावा आणि मग त्यांना दोन क्षण झोपू द्यावं. आणि माणसांचंही असंच असेल, असं मला आपलं वाटतं. सवयीने हाका मारत सुटण्याआधी वळून बघावं.

माझी गोष्ट संपत आली. तुम्हाला शेवटची हाक मारणार होते. पण आता मी शिकलेय, म्हणून आधी विचारते.

आहात ना?